रोपांची संख्या आणि औषधाचा कस

औषधी वनस्पतींच्या लागवडीविषयीच्या प्रशिक्षण वर्गांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. केळीची ऊतीसंवर्धित रोपे आज गावोगावी मिळतात. मग कळलावी, सर्पगंधा, कुटकी, सफेद मुसळी यांची रोपेही त्याच रीतीने लाखोंच्या संख्येने का तयार करू नयेत? प्रश्न रास्त आहे. जंगलातून मुळे, कंद आणि साल ओरबाडून औषध उद्योगाची गरज फार काळ भागणार नाही, हे आता सर्वांनाच पटलेले आहे. लागवड वाढवायची तर रोपे हवीत आणि अनेक औषधी वनस्पतींची रोपे बियांपासून पुरेशी मिळत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेकडे पाहावे लागते.

माझे उत्तर असे आहे की, ही रोपे अवश्य तयार करावीत. मात्र केळीचा नमुना जसाच्या तसा पुढे ठेवू नये. केळीत रोपांची संख्या, त्यांची एकसारखी वाढ आणि विषाणूमुक्तता एवढे साधले की बहुतेक काम झाले. औषधी वनस्पतीत एवढे साधल्यावर निम्मेच काम होते. उरलेले निम्मे काम मातृरोपाची निवड, रोपांचे हार्डनिंग आणि शेतातील कीटकसृष्टी यांच्याशी निगडित आहे. आपल्याकडे चर्चा मात्र पहिल्या निम्म्याचीच होते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयावर लिहिण्याचे कारणही हेच आहे.

गरज कोठे आहे आणि कोठे नाही

वनस्पतीच्या एका पेशीतून संपूर्ण वनस्पती उभी राहू शकेल, ही कल्पना हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1902 मध्ये मांडली. मुराशिगे आणि स्कूग यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेले पोषक माध्यम आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी परागकोशांचे संवर्धन करून गुणसूत्रांचा एकच संच असलेली रोपे मिळवली, तेव्हा वनस्पतिशास्त्रात एक नवे दालन उघडले. त्यांनी या कामासाठी निवडलेली वनस्पती होती धोतरा. ऊतीसंवर्धनाच्या इतिहासात भारताने घातलेली ही मोलाची भर एका औषधी वनस्पतीवरच्या कामातून आली, ही गोष्ट आपल्या विस्तार साहित्यात क्वचितच सांगितली जाते.

तंत्र उपलब्ध आहे म्हणून ते सर्वत्र वापरावे, असे मात्र नाही. अश्वगंधा, कालमेघ, इसबगोल, सोनामुखी, तुळस ही पिके बियांपासून सहज येतात. अडुळसा, ब्राह्मी आणि गुळवेल फाट्यांपासून वाढतात. कोरफडीला मुनवे भरपूर येतात. अशा पिकांसाठी शेतकऱ्याने ऊतीसंवर्धित रोपांवर पैसे खर्च करण्याचे सर्वसाधारणपणे कारण नाही. उत्तम गुणाच्या मातृरोपापासून शेताच्या कडेला तयार केलेली रोपवाटिका तेथे स्वस्त आणि पुरेशी ठरते. एखाद्या निवडक वाणाचे पहिले काही हजार नग लवकर तयार करावयाचे असतील, तर तो अपवाद समजावा.

खरी गरज आहे ती वेगळ्या ठिकाणी. कळलावीच्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या कंदाला प्रत्येक टोकाशी सामान्यतः एकेकच डोळा असतो. एका हंगामात एका कंदाचे फार तर दोन कंद होतात. बियांपासून वाढवावे तर फुलोऱ्यापर्यंत काही वर्षे वाट पाहावी लागते. सर्पगंधेच्या बियांची उगवण कमी आणि बेभरवशाची असते. कुटकी हिमालयात साधारण 3000 मीटरच्या वर वाढते आणि तिचे मूलस्तंभ खणून काढले की ते रोपच संपते. सफेद मुसळीत विकण्याजोग्या मुळ्यांचाच एक भाग पुढील लागवडीसाठी राखून ठेवावा लागतो. या वनस्पतींच्या बाबतीत ऊतीसंवर्धन ही चैन नसून निकड आहे. पाचौलीसारख्या पिकात छाटकलमांबरोबर विषाणू आणि सूत्रकृमी एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. तेथे स्वच्छ रोपे मिळवण्याचा मार्ग म्हणूनही या तंत्राचे महत्त्व आहे.

येथे दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ऊतीसंवर्धित रोप म्हणजे जनुकबदल केलेले रोप नव्हे. ते मातृरोपाचेच शाखीय रूप होय. फाट्यापासून वाढवलेल्या अडुळशात जितका कृत्रिमपणा असतो, तितकाच त्यात असतो. त्याचप्रमाणे, बाटलीतून आलेले प्रत्येक रोप आपोआप विषाणूमुक्त असते, असेही नाही. मातृरोपात विषाणू असेल आणि त्याची तपासणी झाली नसेल, तर प्रयोगशाळा रोपांबरोबर त्या विषाणूचेही गुणन करते.

बाजार काय तोलतो

केळीचा व्यापारी घड तोलतो. औषधी वनस्पतीचा जाणता खरेदीदार वजनाबरोबर द्रव्य तोलतो. कळलावीच्या बियांत कोल्चिसिन किती, सर्पगंधेच्या मुळांत रेसर्पिन किती, ब्राह्मीत बॅकोसाइड किती, यावर मालाची प्रत ठरते. ही द्रव्ये वनस्पतीत का तयार होतात, हे समजून घेतल्याशिवाय मातृरोपाच्या निवडीचे महत्त्व लक्षात येणार नाही.

आपण ज्यांना औषधी द्रव्ये म्हणतो, त्यांतील पुष्कळशी वनस्पतीच्या दृष्टीने संरक्षणाची साधने आहेत. पळून जाता न येणाऱ्या सजीवाने खाणाऱ्यांना दिलेले ते उत्तर आहे. ती कडू असतात, विषारी असतात, कीटकांचे पचन किंवा पेशीविभाजन बिघडवतात. कोल्चिसिन पेशीविभाजन थांबवते; ते संधिवाताच्या एका प्रकारावर अल्प मात्रेत औषध ठरते, वनस्पती प्रजननात गुणसूत्रे दुप्पट करण्यास उपयोगी पडते आणि जास्त मात्रेत प्राणघातक होते. तरीही लिलीवरील रंगीबेरंगी ठिपक्यांची अळी कळलावीची पाने फस्त करते. अश्वगंधेच्या पानांवर वांग्यावर आढळणारा ठिपकेदार एपिलॅक्ना भुंगेरा पोसतो. ज्या विषाने इतर कीटक दूर राहतात, त्याच विषाशी जुळवून घेतलेले मोजके कीटक प्रत्येक औषधी वनस्पतीच्या वाट्याला येतात. वनस्पती आणि कीटक यांच्यातील या दीर्घ चढाओढीतूनच औषधी द्रव्यांची विविधता निर्माण झाली, असे कीटकशास्त्र मानते.

या चढाओढीचा एक व्यावहारिक परिणाम असा की, एकाच जातीच्या दोन झाडांत द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. याचे बोलके उदाहरण सह्याद्रीतील नरक्या या झाडाचे आहे. मूळचे नंदुरबारचे असलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. त्यापासूनच पुढे कर्करोगावरील टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे निघाली. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी हेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे दाखवले आणि त्यानंतर या झाडाची मोठ्या प्रमाणावर तोड झाली. परंतु नरक्यातील कॅम्पटोथेसिनचे प्रमाण झाडागणिक आणि ठिकाणागणिक कित्येक पटींनी बदलते. अशा वेळी वाटेत दिसलेल्या पहिल्या झाडाचा कोंब आणून त्यापासून एक लाख रोपे तयार केली, तर आपण नेमके काय वाढवले? कदाचित सर्वांत कमी द्रव्य असलेल्या झाडाच्या एक लाख प्रती.

ऊतीसंवर्धनाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथेच आहेत. हे तंत्र गुण निर्माण करत नाही. जो गुण आहे त्याची नक्कल करते. म्हणून औषधी वनस्पतीत प्रयोगशाळेचे काम सुरू होण्याआधी निवडीचे काम पूर्ण व्हायला हवे. वेगवेगळ्या भागांतील झाडे गोळा करणे, ती एका ठिकाणी लावून दोन-तीन हंगाम पाहणे, त्यांतील द्रव्याचे पृथक्करण करणे आणि मगच मातृरोपे ठरवणे, हा क्रम आहे. त्याला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून तो टाळला जातो.

प्रमाणपत्राच्या बाबतीतही हीच गफलत होते. ऊतीसंवर्धित रोपांसाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाची राष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था आहे. 1966 च्या बियाणे कायद्याखाली 2006 मध्ये त्या विभागाला प्रमाणन संस्था म्हणून अधिकार देण्यात आले. ही व्यवस्था उपयुक्त आहे आणि तिचा आग्रह धरलाच पाहिजे. परंतु तिचा भर विषाणूमुक्तता आणि जनुकीय एकरूपता यांवर आहे. रोप मातृरोपासारखेच आहे, एवढे ती सांगू शकते. मातृरोप औषधाच्या दृष्टीने कसदार होते की नाही, हे शेतकऱ्याला वेगळे विचारावे लागते.

रोपे कोणत्या मार्गाने तयार केली, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. कक्षकळीपासून थेट कोंब वाढवण्याचा मार्ग तुलनेने सुरक्षित असतो. आधी कॅलस म्हणजे आकारहीन पेशींचा गोळा तयार करून त्यापासून रोपे काढली, तर मूळ गुणांत बदल होण्याची शक्यता वाढते. एकाच कोंबाचे पुनःपुन्हा तुकडे करत राहिल्यानेही हा धोका वाढतो. केळीच्या व्यवसायात सात-आठ उपसंवर्धनांनंतर नवे कोंब घेण्याची शिस्त रूढ झाली आहे. केळीचे विकृत रोप निदान डोळ्यांना दिसते. द्रव्याचे प्रमाण घटलेले रोप दिसायला अगदी निरोगी असते. त्यामुळे औषधी पिकांत ही शिस्त अधिक कडक हवी.

एकाच मातृरोपाचे शेत

समजा, उत्तम मातृरोप मिळाले. त्या एकाच रोपाच्या प्रतींनी संपूर्ण तालुका भरून टाकावा काय? माझे मत स्पष्टपणे नकारार्थी आहे.

जंगलात एकाच जातीची झाडे एकमेकांपासून दूर असतात आणि गुणांनीही थोडी थोडी वेगळी असतात. एका झाडावर जगणाऱ्या किडीला दुसऱ्या झाडावर तितकेच यश मिळेलच असे नाही. एकाच मातृरोपाच्या शेतात मात्र सर्व रोपांना नवी पालवी एकाच वेळी फुटते, सर्वांचे द्रव्य सारखे असते आणि सर्वांची कमजोरीही सारखीच असते. एका रोपावर यशस्वी झालेली कीड शेवटच्या रोपापर्यंत यशस्वी होते. द्रव्याशी जुळवून घेतलेल्या मोजक्या कीटकांसाठी असे शेत म्हणजे वाढलेले ताट होय.

उद्योगाकडून येणारा आक्षेप मला माहीत आहे. कारखान्याला एकसारखा माल हवा असतो. अनेक मातृरोपांची सरमिसळ झाली तर प्रत कशी राखणार? उत्तर असे की, प्रत राखण्यासाठी एकच मातृरोप लागत नाही, द्रव्याची किमान मर्यादा ठरवावी लागते. त्या मर्यादेवर उतरलेली आठ-दहा मातृरोपे निवडावीत आणि त्यांची रोपे वेगवेगळी नोंदवून, परंतु एकाच शेतात पट्ट्यापट्ट्याने लावावीत. माल एकत्र केला तरी प्रत मर्यादेच्या वरच राहते आणि एखादी मातृशाखा किडीला किंवा रोगाला बळी पडली तरी सर्व पीक जात नाही. प्रयोगशाळेला यात थोडे अधिक कष्ट आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा पिकाचा विमाच आहे.

बाटलीपासून शेतापर्यंत

ऊतीसंवर्धित रोप ज्या दिवशी बाटलीतून बाहेर येते, त्या दिवशी ते अतिशय स्वच्छ आणि अतिशय दुबळे असते. बाटलीत आर्द्रता भरपूर असल्याने पानांवरील मेणचट थर पुरेसा तयार झालेला नसतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. मुळांभोवती उपयुक्त सूक्ष्मजीवही नसतात. या रोपाने ऊन, वारा आणि कीटक यांपैकी काहीही पाहिलेले नसते. हार्डनिंगच्या काळात त्याला हे सर्व टप्प्याटप्प्याने सोसायला शिकवावे लागते. मायकोरायझासारख्या उपयुक्त बुरशीची जोड या टप्प्यावर दिली तर रोप लवकर सावरते.

कीड व्यवस्थापनाच्या दृष्टीने हाच टप्पा सर्वांत नाजूक आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही आहे. पॉलिटनेलमधील ओलसर कोकोपीटमध्ये बुरशीवर जगणारी बारीक काळी चिलटे वाढतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडतात आणि त्या जखमांतून मर रोगाच्या बुरशीला वाट मिळते. शेडनेटमध्ये आल्यावर फुलकिडे, कोळी, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांची पाळी येते. प्रयोगशाळेच्या आतही कीटकशास्त्राचा संबंध संपत नाही. संवर्धन कक्षात सूक्ष्म कोळी किंवा फुलकिडे शिरले की ते एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत बुरशीचे बीजाणू वाहून नेतात. माध्यमावर उमटलेली बुरशीची वाकडीतिकडी रेघ ही त्यांच्या चालीची खूण असते. तंत्रज्ञ ती निर्जंतुकीकरणातील चूक समजून रसायनाचे प्रमाण वाढवत राहतो आणि खरे कारण तसेच राहते.

रोपवाटिकेत लागलेली कीड रोपांबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करते. पपईवरील पिठ्या ढेकणाचा अनुभव ताजा आहे. 2008 मध्ये कोइम्बतूर भागात ही परदेशी कीड प्रथम आढळली आणि अल्पावधीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पोहोचली. पपईबरोबर तुती, टॅपिओका, जास्वंद अशा कितीतरी वनस्पतींवर ती पसरली. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून आणलेल्या असेरोफॅगस पपाये या परजीवी कीटकाने तिला आटोक्यात आणले. तो जैविक नियंत्रणाचा मोठा विजय होता. परंतु प्रत्येक किडीसाठी असा परजीवी तयार मिळत नाही. संसर्ग झालेली रोपे एका जागेहून दुसऱ्या जागी जाऊ न देणे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

औषधी पिकांत तर याला पर्यायच नाही. आपल्या देशात कीडनाशकांच्या वापराला पीकनिहाय मान्यता द्यावी लागते आणि औषधी वनस्पतींसाठी अशी मान्यता असलेली कीडनाशके अत्यल्प आहेत. शिवाय जी मुळे, पाने किंवा बिया औषधात जाणार, त्यांवरील अवशेष हा मालाच्या नकाराचा थेट आधार ठरतो. कापसाच्या शेतकऱ्याजवळ फवारणीचे अनेक पर्याय असतात. सर्पगंधेच्या शेतकऱ्याजवळ जवळपास नसतात. म्हणून स्वच्छ आणि कणखर रोप हाच त्याच्या कीड व्यवस्थापनाचा पाया आहे. कीटकरोधक जाळी, दुहेरी दरवाजा, पिवळे आणि निळे चिकट सापळे, कोकोपीटमधील ओलाव्यावर नियंत्रण आणि नव्या रोपांचे काही दिवस वेगळे ठेवून निरीक्षण एवढ्या साध्या गोष्टी ज्या रोपवाटिकेत नाहीत, तेथून रोपे घेऊ नयेत.

कळलावीचा धडा

संख्या वाढवूनही उत्पन्न का वाढत नाही, याचे उत्तर कधी कधी फुलात दडलेले असते. कळलावी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कोकणात गौरीच्या सणाला ‘गौरीचे हात’ म्हणून मान मिळवणारे हे फूल तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे. त्या राज्यात तिरुप्पूर, करूर, दिंडिगुल या भागांत कळलावीची बियांसाठी व्यापारी लागवड होते. वेली आधारावर चढवल्या जातात आणि बिया औषध उद्योगाकडे जातात.

या फुलाची रचना मोठी विलक्षण आहे. फूल खाली झुकलेले, पाकळ्या मागे वळलेल्या, पुंकेसर चहूबाजूंनी आडवे पसरलेले आणि कुक्षिवृंत तळाशी जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला गेलेला. परिणामी फुलातील पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर आपोआप पडण्याची शक्यता कमी असते. योग्य आकाराचा कीटक किंवा पक्षी योग्य बाजूने आला तरच परागीभवन होते. मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी हजारो फुले उमलतात, तेव्हा तेवढे परागवाहक उपलब्ध नसतात. म्हणून तामिळनाडूतील शेतकरी सकाळच्या वेळी मजुरांकडून हाताने परागीभवन करून घेतात. बियांच्या उत्पादनाचे गणित बऱ्याच अंशी या मजुरीवर अवलंबून असते.

आता येथे ऊतीसंवर्धित रोपांनी वेलींची संख्या तिप्पट केली, तर काय होईल? फुले तिप्पट होतील. परागवाहक तेवढेच राहतील आणि पहाटेचे मजूरही तेवढेच राहतील. केळीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण केळीचे फळ परागीभवनाशिवाय धरते. ज्या औषधी वनस्पतींचे बी किंवा फळ विकले जाते, त्यांच्या लागवड योजनेत रोपांच्या खर्चाबरोबर परागीभवनाची तरतूद असलीच पाहिजे. बांधावर वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी झाडे राखणे, फुलोऱ्याच्या काळात फवारणी टाळणे, परिसरातील झाडोरा न तोडणे, ही त्या तरतुदीची सुरुवात होय. शिवाय ऊतीसंवर्धनातून मिळणारे कळलावीचे पहिले कंद लहान असतात आणि लहान कंदाच्या वेलीला पहिल्या हंगामात फुले येत नाहीत किंवा अगदी कमी येतात. उत्पन्नाचा आराखडा मांडताना ही प्रतीक्षा शेतकऱ्याला आधीच सांगितली पाहिजे.

रोपे विकणे म्हणजे पीक विकणे नव्हे

सफेद मुसळीची आठवण येथे अपरिहार्य आहे. बोरिवलीच्या नावावरून जिचे शास्त्रीय नाव पडले, त्या या वनस्पतीच्या लागवडीची लाट नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि 2000 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशात उसळली. त्या लाटेत लागवडीचे साहित्यच सर्वांत महाग माल झाले. आज लावणारा शेतकरी उद्या दुसऱ्या शेतकऱ्याला लागवडीची मुळे विकून नफा मिळवेल, या आशेवर पुष्कळसा व्यवहार उभा होता. नवे खरेदीदार थांबले तेव्हा औषध बाजाराचा खरा भाव समोर आला आणि अनेकांचे हात पोळले. वनस्पतीत दोष नव्हता. तिच्या औषधी मालाला प्रत्यक्ष किती मागणी आहे, हे लागवडीआधी कोणी विचारले नव्हते, हा दोष होता.

स्वस्त आणि अमर्याद ऊतीसंवर्धित रोपांमुळे अशी लाट पुन्हा उसळणे सोपे झाले आहे. प्रयोगशाळेचे उत्पन्न रोपांच्या विक्रीतून येते. शेतकऱ्याचे उत्पन्न दीड ते तीन वर्षांनी निघणाऱ्या मालातून येते. या दोन हिशेबांमधील अंतर भरून काढणारा कोणीतरी मध्ये असावा लागतो आणि तो विस्तार कार्यकर्ताच असू शकतो. रोपांच्या वाटपाची उद्दिष्टे पूर्ण झाली म्हणजे योजना यशस्वी झाली, असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. किती रोपे वाटली यापेक्षा किती शेतकऱ्यांचा माल तपासणीत उतरला, हा आकडा अहवालात यायला हवा.

काय करता येईल

विस्तार कार्यकर्त्यांनी आणि शेतकऱ्यांनी औषधी वनस्पतींची ऊतीसंवर्धित रोपे घेण्यापूर्वी पुरवठादाराला पाच प्रश्न लेखी विचारावेत, असे मी सुचवतो.

1. मातृरोपे किती, कोठून निवडली आणि त्यांतील औषधी द्रव्याचे प्रमाण किती? मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आहे काय?

2. रोपे कक्षकळीपासून तयार केली की कॅलसपासून? उपसंवर्धने किती झाली?

3. विषाणू आणि जनुकीय एकरूपतेची तपासणी झाली आहे काय? त्याचे प्रमाणपत्र या तुकडीचे आहे की जुन्या तुकडीचे?

4. हार्डनिंग किती दिवस आणि कोणत्या परिस्थितीत झाले? त्या काळात कोणत्या किडी आढळल्या आणि कोणती कीडनाशके वापरली?

5. हेच पीक घेतलेल्या आधीच्या शेतकऱ्यांचा औषधी माल कोणी, कोणत्या प्रतीच्या अटीवर विकत घेतला?

पाचही प्रश्नांची उत्तरे मिळतीलच असे नाही. परंतु जो पुरवठादार प्रश्न ऐकून नाराज होतो, त्याच्यापासून दूर राहावे, एवढा निर्णय तर तेथेच होतो.

संशोधन संस्थांकडूनही अपेक्षा आहेत. आणंदजवळील बोरियावी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालय, लखनौचे केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थान, कृषी विद्यापीठे आणि 2000 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ यांनी मिळून महत्त्वाच्या वनस्पतींच्या तपासलेल्या मातृरोपांचे संग्रह ठेवावेत आणि खासगी प्रयोगशाळांना तेथूनच कोंब द्यावेत. प्रत्येक मातृशाखेची द्रव्याबरोबर किडींच्या दृष्टीनेही नोंद असावी. आज मातृरोप निवडणाऱ्या गटात वनस्पतिशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ असतात. कीटकशास्त्रज्ञाला बहुधा कीड लागल्यावर बोलावले जाते. त्याला निवडीच्या वेळी बोलावले, तर पुढील अनेक फवारण्या वाचतील.

ज्या पिकाला रोप लावल्यापासून मालापर्यंत दोन-तीन वर्षे लागतात, त्यात निकृष्ट रोपाची किंमत रोपाच्या दरात मोजता येत नाही. ती वाया गेलेल्या हंगामांत मोजावी लागते. शिवाय लागवडीचा माल प्रतीत उतरला नाही की खरेदीदार पुन्हा जंगलाकडे वळतो आणि जी कुटकी, जो नरक्या वाचवण्यासाठी आपण हा खटाटोप आरंभला, तीच झाडे पुन्हा खणली-तोडली जातात. पुढच्या हंगामासाठी रोपांची मागणी नोंदवण्यापूर्वी मातृरोपाच्या तपासणीचा अहवाल मागण्याची सवय आपण लावून घेतली, तर एवढ्याने या व्यवहाराला बरीच शिस्त येईल.